पाचशे एक उखाणे आणि एक मराठी कुलूप

निपाणीला माझ्या आत्तीच्या घरी मला अजूनही पोटभर जेवायला वाढतात, पण ज्या खोलीत लॅपटॉप आहे त्या खोलीत एकटं सोडत नाहीत.

माझं वय एक्कावन्न. बेळगावात अनगोळला राहतो, एका पतसंस्थेत हेडक्लार्क आहे, आणि संस्थेतला प्रिंटर अडला की सगळे मलाच हाक मारतात. (माझा हात लागला की तो सुरू होतो असं नाही. पण हाक मारतात, हे महत्त्वाचं!) एवढ्या कीर्तीवर मी सुखानं निवृत्त झालो असतो. पण कॅम्पातल्या एका शाळेत रविवारी मुक्त संगणक प्रणालीचं शिबिर निघालं. प्रवेश फुकट, वर चहा आणि उप्पीट, म्हणून गेलो. येताना खिशात लिनक्स नावाच्या त्या प्रणालीचा पेन ड्राइव्ह आणि डोक्यात वारं घेऊन आलो.

पुढच्या महिनाभरात मी घरातले दोन, मेव्हण्याचा एक आणि शेजारच्या पाटील सरांचा एक, असे चार संगणक मुक्त केले. पाटील सर तेव्हापासून सकाळी फिरायला दुसऱ्या गल्लीनं जातात. बायको म्हणाली, आता बास करा. मी म्हटलं, बास कसं? आत्तीचा लॅपटॉप राहिलाय की!

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण, अनसूया. सत्तरीला टेकलेली, अंगानं काटक, आणि उखाण्यांच्या बाबतीत निपाणी भागात तिचा शब्द शेवटचा. लग्न ठरलेल्या मुली पार चिकोडी-संकेश्वरहून तिच्याकडे येतात. आत्ती तीनच प्रश्न विचारते: नवरा काय करतो, सासू कशी आहे आणि हॉल केवढा आहे. मग डोळे मिटून दोन मिनिटं बसते आणि मुलीच्या मापाचा उखाणा बसल्या जागी शिवून देते. हॉल मोठा असेल तर दुसरी ओळ जरा लांबवते, म्हणजे मागच्या खुर्च्यांपर्यंत पोचते.

जगातल्या सगळ्या बायकांना नवऱ्याचं नाव घ्यायला लावणारी ही बाई स्वतः मात्र साध्या बोलण्यात नवऱ्याचं नाव कधीच घेत नाही. बँकेत विचारलं की पासबुक पुढे सरकवते. रेशन दुकानात विचारलं की बरोबर आलेल्या शेजारणीला कोपरानं ढोसते, आणि ती सांगते. मामांचं नाव शंकरराव. (आमच्याकडे आत्तीचा नवरा म्हणजे मामा.) मामा तंबाखूच्या वखारीत वजनकाट्यावर नोकरी करून निवृत्त झाले. उभ्या आयुष्यात त्यांनी आकड्यांशिवाय फारसं काही तोंडातून काढलं नाही, आणि निवृत्तीनंतर आकडेही बंद झाले. दाराजवळच्या खुर्चीत पेपर धरून बसतात. ते आत्तीला 'अगं' म्हणतात आणि आत्ती त्यांना 'आवं' म्हणते. एवढ्यावर पंचेचाळीस वर्षांचा संसार झाला.

तर या आत्तीचा एक उखाणा चोरीला गेला. संकेश्वरला एका लग्नात तिनं स्वतःचा उखाणा दुसऱ्याच बाईच्या तोंडून ऐकला. घरी येऊन तिनं मला फोन केला. 

"सुन्या, माझ्या उखाण्यात तिनं आपला नवरा बशिवला रं."

त्या दिवशी आत्तीनं ठरवलं की सगळे उखाणे आपल्या नावानं छापायचे. दोन वर्षं ती लॅपटॉपवर एकेक अक्षर शोधत मराठीत टाइप करत होती. पाचशे एक झाले तेव्हा थांबली. निपाणीतल्याच एका छापखान्याशी बोलणं झालं, रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला पुस्तक वाटायचं म्हणून दोन गल्ल्यांतल्या बायकांना आमंत्रणं गेली. छापखानेवाल्यानं बजावलं होतं, सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत फाइल पाठवा, मंगळवारपासून माझी मशीन लग्नपत्रिकांना लागली की महिनाभर तुमच्याकडे बघायला सवड नाही. सगळं कसं रांगेत लागलेलं होतं. आणि शनिवारी सकाळी पावशेर कुंदा आणि पेन ड्राइव्ह घेऊन मी निपाणीच्या बसमध्ये बसलो.

लॅपटॉप मंद झालाय, एवढीच आत्तीची तक्रार होती. त्यावर मी तिला कुलुपाची गोष्ट सांगितली. लिनक्स टाकताना अख्ख्या डिस्कला कुलूप लावता येतं, पासवर्ड दिल्याशिवाय खुद्द यंत्रालासुद्धा आतलं वाचता येत नाही, मग संकेश्वरची बाई काय वाचणार! आत्तीचे डोळे चमकले. उखाणे हातानं लिहिलेल्या वह्या आहेत का अजून, असं मी विचारलं. होत्या. सहा वह्या. मी म्हटलं, मग कुलुपाचा उपयोग काय? चोर लॅपटॉप सोडून वह्याच नेणार. हे वाक्य बोललो त्या क्षणी माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

उखाण्यांची फाइल मी आधी माझ्या दुसऱ्या पेन ड्राइव्हवर काढून घेतली आणि लिनक्स चढवायला घेतलं. मध्येच त्यानं जगाचा नकाशा दाखवून तुम्ही कुठे राहता असं विचारलं. मी काळजीपूर्वक निपाणीवर बोट नेलं. त्यानं 'कोलकाता' असं लिहिलं. आमचा भाग महाराष्ट्राचा की कर्नाटकाचा या प्रश्नात आमच्या तीन पिढ्या गेल्या, आणि त्यानं तो एका टिचकीत निकालात काढून आम्हाला बंगालात नेऊन ठेवलं. मामांनी पेपरावरून एकदा बघितलं आणि पान उलटलं.

दुपारी लॅपटॉप सुरू झाला आणि खरोखर भराभर चालायला लागला. (हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे माझ्या बाजूनं सांगण्यासारखं काही नाही.) फाइल आत ठेवली. आत्तीनं माझ्या पेन ड्राइव्हवरची फाइल स्वतःच्या डोळ्यांदेखत पुसायला लावली, कारण मी बेळगावला जाणार, बसमध्ये झोपणार आणि खिसा कापला जाणार. मग तिनं सहाही वह्या उचलल्या आणि न्हाणीच्या चुलीत सारल्या. माझ्या आंघोळीचं पाणी त्यावर तापलं. छान तापलं होतं.

कुलुपाला मी तात्पुरता माझाच पासवर्ड ठेवला होता. ते आत्तीला खपेना. माझ्या घराची किल्ली तुझ्या खिशात कशाला, म्हणाली. मग संध्याकाळी पासवर्ड बदलायचा कार्यक्रम झाला. मी शिबिरात ऐकलेलं सगळं तिला सांगितलं: नाव नको, जन्मतारीख नको, फोन नंबर नको, जगात फक्त तुलाच ठाऊक आहे असं काहीतरी पाहिजे, आणि लांबलचक पाहिजे.  आत्तीनं एकदा दाराकडच्या खुर्चीकडे बघितलं.

"मराठीत चालंल न्हवं?" तिनं हळूच विचारलं.

इथे माझी छाती फुगली. सीमाभागातला माणूस मी! आयुष्य पाट्या मराठीत लावा म्हणण्यात गेलं, आणि माझी सख्खी आत्ती विचारतेय मराठीत चालेल का? मी म्हटलं, चालेल काय, मराठीतच पाहिजे. स्वतःच्या हातानं मराठी कीबोर्ड लावून दिला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. पाठीमागे टकटक टकटक सुरू झालं ते थांबेचना. पासवर्डच टाइप करतेय की पत्र लिहितेय, अशी मला शंका आली. शेवटी "झालं रं" असा आवाज आला. तिनं झाकण मिटून उघडून दोनदा बघितलं, सगळं जागच्या जागी होतं. रविवार आनंदात गेला. रात्री निजण्यापूर्वी मी लॅपटॉप रीतसर बंद केला. मी नसतो तर तो कधीच बंद झाला नसता, कारण आत्ती नुसतं झाकण मिटवते, आणि कुलूप लागतं ते यंत्र पूर्ण बंद केल्यावरच.

सोमवारी सकाळी बटण दाबलं. काळा पडदा आला, त्यावर एक चौकट, पासवर्ड द्या म्हणून. आत्तीनं आंघोळ करून, कुंकू लावून, बोटांनी मोजत मोजत पासवर्ड टाइप केला. नुसते ठिपके उमटले. मग यंत्रानं सांगितलं, चूक. पुन्हा केला. चूक. तिसऱ्यांदा मी शेजारी उभा राहून "सावकाश, सावकाश" म्हणत होतो. चूक.

म्हाताऱ्या माणसांशी बँकेतली पोरं ज्या सुरात बोलतात, त्या सुरात मी म्हणालो, "आत्ती, विसरली असशील."

आत्तीनं माझ्याकडे असं बघितलं की मी दोन पावलं मागे सरलो. "म्या दुनियेचं इसरंन, पर ह्ये इसरायची न्हाय," ती म्हणाली आणि तोंड फिरवून बसली. म्हणजे आता लॅपटॉप आणि आत्ती, दोघंही बंद झाले होते.

माझा मित्र विलास पिरनवाडीला राहतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे, शाळेत माझ्याच बाकावर होता. त्याला फोन लावला तर बंद. मग मी मोबाइलवर जगभरातल्या शहाण्यांचे सल्ले वाचायला घेतले. एका सद्गृहस्थानं लिहिलं होतं, सुरू होताना अमुक कळ दाबा आणि तमुक ओळ लिहा, माझं काम झालं. मी लिहिली. त्यानंतर यंत्र पासवर्डही विचारेना. नुसती इंग्रजी अक्षरं सरसर वर जायला लागली आणि शेवटी एक रेघ लुकलुकत राहिली.  सहा वेळा बंद-चालू केल्यावर ती जुनी चौकट परत आली, तेव्हा मी आनंदानं टाळी वाजवली. कुलूप परत मिळालं म्हणून टाळी वाजवणारा मी निपाणीतला पहिलाच माणूस असेन.

एवढ्यात शेजारच्या शोभाकाकी हळदीकुंकवाच्या वाणाचं विचारायला आल्या आणि प्रकार बघून तिथेच बसल्या. त्यांनी दृष्ट लागल्याचं निदान करून लिंबू आणलं. मी हसलो. संगणकाला लिंबू काय करणार, वगैरे बोललो. साडेअकराला मी स्वतः ते लिंबू जरा अलीकडे सरकवून बरोबर बटणाशेजारी ठेवलं.

बारा वाजता लॅपटॉप बगलेत मारून बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्यानं चौकट बघितली, मान हलवली आणि विचारलं की हे कुणी टाकलं. मी म्हटलं, कुणीतरी टाकलंय. तो म्हणाला, ज्यानं टाकलंय त्यालाच विचारा. पासवर्ड नसेल तर सगळं पुसून नवीन टाकायचं, दुसरा मार्ग नाही. घरी येईपर्यंत मी रस्त्यात चार वाक्यं जुळवली, आत्तीला धक्का बसू नये अशी. आत्तीनं पहिल्या वाक्यालाच अडवलं.

"पुसायचं म्हंजे माजं पाचशे एक गेलं काय?"

मी लॅपटॉप अलगद लिंबाशेजारी ठेवला. ती भिंतीला टेकून खाली बसली. रडली नाही. रडली असती तर मी समजूत तरी घातली असती. ती नुसती न्हाणीकडे बघत होती, जिथं चुलीत राख होती. मला त्या वेळी जी लाज वाटली ती अजून उतरलेली नाही. माणसानं प्रिंटरपुरतं राहावं.

शोभाकाकींनी धीर दिला. आठवतील तेवढे सांगा आक्का, म्या लिवून घेते, म्हणाल्या. पण आत्तीला उखाणे नुसते आठवत नाहीत, समोर मुलगी लागते. मग शोभाकाकी एकदा फौजीची बायको झाल्या, एकदा शिक्षकाची, एकदा द्राक्षबागायतदाराची. तासाभरात तेवीस उखाणे झाले. त्यातला एक दोनदा आला होता, आणि एक संकेश्वरच्या त्या बाईचा निघाला. तो ऐकल्यावर आत्तीनं वही मिटवली.

या सगळ्या गोंधळात बरोबर एक वाजता मामांनी पेपराची घडी केली आणि ते खाकरले. आत्ती उठली. आत गेली, ताट वाढलं, त्यांच्यापुढे ठेवलं, पाण्याचा तांब्या ठेवला, आणि परत येऊन भिंतीला टेकून बसली. मामा जेवले, हात धुतला आणि पेपर उघडला. आमच्या कुणाच्या घशाखाली घास उतरण्यासारखा नव्हता. छापखान्यातून दोन फोन येऊन गेले. मी दोन्ही वेळा सांगितलं की फाइल निघतेच आहे. (कुठून, ते सांगितलं नाही.)

साडेतीनला विलासचा फोन लागला. मी पंधरा मिनिटं रामायण सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला: पासवर्ड ठेवताना कीबोर्ड कुठला होता?

"मराठी," मी म्हटलं. अभिमान अजून थोडा शिल्लक होता.

 मग विलास इतका हसला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. त्यानं समजावलं ते असं: यंत्र सुरू होताना अजून अर्धवट झोपेत असतं, त्याला तेव्हा फक्त इंग्रजी अक्षरं कळतात. मराठी त्याला आत गेल्यावर येतं. मी कुलूप मराठीत लावलं आणि दारात राखणदार उभा केला तो फक्त इंग्रजी समजणारा. आत्तीनं शंभर वेळा बरोबर पासवर्ड दिला असता तरी त्यानं दार उघडलं नसतं. म्हणजे विसरलं कोणीच नव्हतं. चुकला होता तो एकटा हेडक्लार्क.

मी आत्तीला सांगितलं, तुझं बरोबर होतं, माझं चुकलं. तिनं "व्हय?" एवढंच म्हटलं आणि ताडकन उठली.

विलासनं उपाय सांगितला. शिबिरातल्या पेन ड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करायचा, तिथं मराठी कीबोर्ड लावायचा, आणि मग डिस्क उघडायला जायचं. तसं केलं. चौकट आली. आत्ती टाइप करायला बसली, मी आपणहून भिंतीकडे तोंड केलं. पण ती चौकट बोटभर रुंद आणि पासवर्ड हातभर लांब. पुढचं लिहिता लिहिता मागचं दिसेनासं व्हायचं. एकदा चुकलं, दोनदा चुकलं, तिसऱ्यांदाही चुकलं. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. विलास फोनवरून म्हणाला, मोठ्या कोऱ्या पानावर आधी सगळं लिहा, नीट बघा आणि तिथून उचलून चौकटीत टाका. लिहायला सुन्याला बसवा, आत्तीनं नुसतं सांगावं.

"सांगायचं?" आत्ती म्हणाली. "मोठ्यानं?"

ती पदराशी चाळा करायला लागली. मला वाटलं, चोरीची भीती. मी शपथ घेतली, शोभाकाकींनीही घेतली. तरी ती सांगेना. मग शोभाकाकींना उमगलं. "आक्का, उखाणा हाय व्हय त्यो? त्यांच्या नावाचा?" आत्तीनं मान हलवली. मग अडलंय कुठे, असं मला झालं. जन्मभर जगाला उखाणे दिले, आता स्वतःचा एक घ्यायला काय हरकत आहे? पण आत्तीनं दाराकडच्या खुर्चीकडे बघून, आवाज उतरवून सांगितलं, "आवं, जरा भाईर जाऊन येतासा काय?"

मामांनी पेपर खाली घेतला. त्या दिवसातलं त्यांचं पहिलं वाक्य मी ऐकलं.

"घर माजं, नाव माजं, आनि भाईर म्या?"

आणि बसून राहिले. घड्याळात सव्वाचार. शोभाकाकींनी रीत पाळली. नुसतं कसं घेणार, कुणीतरी म्हणायला पाहिजे. त्या हात जोडून म्हणाल्या, "आक्का, घ्या की नाव."

आत्तीनं पदर डोक्यावरून घेतला, मामांकडे पाठ केली आणि भिंतीकडे बघून सांगितलं. मी एकेक शब्द टाइप करत होतो:

"पंचेचाळीस वर्षं वाढलं ताट, इचारलं न्हाय कधी 'जेवलीस काय?'
शंकररावांचं नाव म्या घेते, माजं नाव त्यास्नी ठावं हाय काय?"

माझी बोटं शेवटच्या शब्दावर तशीच राहिली. शोभाकाकी लिंबाकडे बघायला लागल्या. लग्नाळू मुलींना हिनं पाचशे गोड उखाणे दिले, आणि स्वतःचा खरा उखाणा डिस्कच्या कुलुपात घालून ठेवला होता. जगात फक्त तिलाच ठाऊक असलेलं काहीतरी. मीच सांगितलं होतं तसं!

मी त्या दोन ओळी उचलल्या, चौकटीत टाकल्या आणि कळ दाबली. उघडलं. फाइल होती. पाचशे एकच्या पाचशे एक. मी ओरडणार होतो, पण खोलीत कुणीच लॅपटॉपकडे बघत नव्हतं.

मामा खुर्चीतून उठले. "अनसूया," ते म्हणाले. हे नाव त्यांच्या तोंडून मी तरी कधी ऐकलं नव्हतं, आणि आत्तीच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की तिनंही नव्हतं. "जेवलीस काय?"

"न्हाय," आत्ती भिंतीकडे बघूनच म्हणाली.

मामा आत गेले. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला, दोन झाकणं पडली. मग ते ताट घेऊन बाहेर आले. ताटात एक अख्खी भाकरी, लसणाची चटणी आणि मी शनिवारी आणलेला कुंदा होता. भाजी कुठल्या पातेल्यात असते हे त्यांना माहीत नव्हतं. आत्तीनं ताटाकडे बघितलं, मामांकडे बघितलं, आणि दिवसभर जे रडली नव्हती ते तेव्हा रडली. मग भाकरी मोडली आणि मला म्हणाली की फाइल लगेच पाठवू नकोस, एक उखाणा काढून दुसरा घालायचाय, तू आत जाऊन जेव. मला भाजीचं पातेलं सापडलं. पाचला आठ मिनिटं कमी असताना फाइल गेली.

रथसप्तमीला पुस्तक वाटलं गेलं. त्या सोमवारचा उखाणा त्यात नाही. तो आत्तीनं छापला नाही, आणि मामांनी त्याबद्दल पुन्हा कधी अवाक्षर काढलं नाही. फक्त एक वाजता खुर्चीत खाकरायचं सोडून ते आता स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहतात. मी माझी प्रत बेळगावला बसमध्ये चाळत होतो. शेवटचं पान आलं. पाचशे एकावा उखाणा असा आहे:

"शहाण्या भाच्यानं कुलूप लावलं, किल्ली ठेवली आत;
-----रावांचं नाव घेते, हातात देऊन हात."

पुस्तक चांगलं खपलं. गेल्या महिन्यात अनगोळलाच एका लग्नात नव्या नवरीनं माईक हातात धरून नेमका हाच घेतला आणि अख्खा हॉल हसला. शेजारच्या खुर्चीतल्या बाईंनी माझ्या बायकोला विचारलं की असला भाचा खरंच असतो का हो कुठे. बायकोनं मंगळसूत्र सारखं केलं आणि न बोलता माझ्याकडे बोट दाखवलं. आत्तीनं त्या उखाण्यात नवऱ्याच्या नावाची जागा रिकामी ठेवलीय, तिथं जगातला कुठलाही राव बसतो. भाच्याची जागा तेवढी कायमची भरलेली आहे.